शहरातलं प्रदर्शन आणि परिषद केंद्र म्हणजे नेमकं काय? शहराला त्याचा उपयोग काय?

थोडक्यात सांगायचं तर, आज यंत्रांचं प्रदर्शन, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची परिषद आणि मग एखादी मैफल, हे सगळं एकाच छताखाली भरवता यावं अशी सोय.

खरी गंमत जमिनीत असते. मोठ्या हॉलमध्ये मधे खांब नसतात, हे चटकन लक्षात येतं. पण फरशीखाली चर असतात आणि त्यांतून वीज, पाणी, कधी कधी दाबाखालची हवासुद्धा थेट स्टॉलपर्यंत येते. फरशी अवजड यंत्रं पेलणारी, दारं ट्रक सरळ आत जाईल एवढी. सरकत्या भिंती ओढल्या की एका हॉलचे दोन-तीन होतात. प्रदर्शन तीन दिवसांचं असलं तरी मांडामांड आणि आवराआवर यांत आणखी दिवस जातात, तेही धरूनच बुकिंग करावं लागतं.

शहराची कमाई बहुतेक हॉलच्या बाहेर होते: हॉटेलं, टॅक्सी, छपाईवाले, स्टॉल उभारणारे. म्हणून तर स्वतः फारसा नफा न कमावणारी केंद्रंही सरकारी पैशातून चालवली जातात. मात्र जवळ राहायची सोय आणि धड वाहतूक नसेल, तर नुसती इमारत बांधून काही होत नाही, असं माझं मत.

अडीअडचणीलाही ही जागा कामी येते. २०२० मध्ये कोविडच्या काळात लंडनचं एक्सेल आणि न्यूयॉर्कचं जॅविट्स सेंटर, दोन्हींची तात्पुरती रुग्णालयं झाली होती. वीज, पाणी, ट्रकची वाट, सगळं आयतं तयार होतं.