एप्रिलमध्ये पैसे आले की आधी कुणाचे द्यायचे?

प्रश्न : काकी, नमस्कार. मी राजापूर तालुक्यातला, वय २७. बाबा गेल्यापासून घरची १८० हापूस कलमं मी बघतो. पावसाळ्यात एका कंत्राटदाराकडे वायरिंगची कामं करतो. घरात आई आणि मी. बहिणीचं लग्न झालं आहे.

कर्ज असं आहे. विकास सोसायटीचं पीककर्ज दोन वर्षं थकलंय, व्याजासकट ३ लाख १० हजार. वाशी बाजारातल्या दलालाची उचल, म्हणजे मालापोटी आगाऊ घेतलेले पैसे, साठत साठत साडेतीन लाख. आईचे पाच तोळे २०२१ पासून बँकेत तारण, त्यावर १ लाख ८० हजार, ११ टक्क्यांनी. बहिणीच्या लग्नाला पतपेढीतून काढलेले ३ लाख, १४ टक्के, जामीनदार धाकटे काका. शिवाय गावातल्या एकांकडून बाबांनी चार वर्षांपूर्वी घेतलेले २ लाख, दरमहा शेकडा तीन. त्यांच्याकडे चाळीस कलमांच्या तुकड्याचं साठेखत (विक्रीचा करार) आहे आणि बाबांच्या मागे त्यांनी माझा एक कोरा चेकही घेऊन ठेवलाय. त्यांचं व्याज मात्र आम्ही कधी थकवलेलं नाही.

बऱ्यापैकी हंगामात हातात ६ लाख येतात. फवारण्या, खत, राखण, तोडणी, पेट्या यांत २ लाख ८० हजार जातात. घरखर्च महिना १२ हजार. वायरिंगचे वर्षाला ७५ हजार मिळतात. मुंबईचे एक गृहस्थ रस्त्याकडेची साठ कलमं विकत मागतायत. मित्र म्हणतात, विक आणि मुंबईला नोकरी धर. काय करू? एप्रिलमध्ये पैसे आले की सगळे एकदम दारात येतात. आधी कुणाचे द्यायचे? सावकारांच्या दोन लाखांचं आईला माहीत नाही.

उत्तर : तू एकही आकडा लपवला नाहीस, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बँकेच्या काउंटरमागे बसून मी आयुष्यभर बागायतदारांची कर्जं पाहिली. पहिल्याच भेटीत सगळं सांगणारा माणूस क्वचित भेटायचा. सोसायटीचं सांगतील, सोन्याचं सांगतील, सावकाराचं मात्र तिसऱ्या खेपेला बाहेर येई.

एकूण बोजा १३ लाख ४० हजार. तुझ्या ६ लाखांतून बागेचा आणि घरचा खर्च वजा केला, वायरिंगचे पैसे मिळवले, की वर्षाला २ लाख ५१ हजार उरतात. आता व्याज बघ. सावकार ७२ हजार, पतपेढी ४२ हजार, सोनं २० हजार, सोसायटीचं थकीत साधारण ३१ हजार. झाले १ लाख ६५ हजार. मुद्दलासाठी तुझ्याकडे ८६ हजार राहतात, तेही हंगाम साधला तर. तू कष्टात कमी पडत नाहीस. एवढं व्याज डोक्यावर असताना कोणीही असाच अडकला असता.

आता तुझा मुख्य प्रश्न. आधी सोसायटीचे दे.

जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं, असं सगळीकडे सांगतात. महिन्याला पगार येणाऱ्याला ते बरोबर आहे. तुझे पैसे एप्रिल-मेच्या आठ-दहा आठवड्यांत येतात आणि खर्च ऑगस्टपासून सुरू होतो : आधी मोहरासाठी झाडाला द्यायचं कल्टार, मग पालवीवर, मोहरावर, तुडतुड्यांना, फुलकिड्यांना एकेक फवारणी. मे महिन्यात सगळ्यांना थोडं थोडं देऊन तू मोकळा होतोस. ऑगस्टमध्ये हात रिकामा असतो म्हणून दलालाला फोन लावतोस. तुझी साडेतीन लाखांची उचल अशीच साठली असणार. आमच्या शाखेत जी घरं कर्जातून वर आली, त्यांचं पीक दुसऱ्यांपेक्षा मोठं नव्हतं. पुढच्या फवारणीचे पैसे कुठून येणार, हे त्यांनी मे महिन्यातच ठरवलेलं असायचं.

ते पैसे सगळ्यांत स्वस्त सोसायटीतच मिळतात. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून व्याज शून्यावर येतं. थकलास की दोन्ही सवलती जातात आणि नवं कर्जही मिळत नाही. म्हणून यंदा काहीही करून सोसायटीचं खातं नियमित कर, नवं-जुनं करून घे, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं काढ, आणि नवीन कर्जाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेव. त्यातून औषधं, खत आणि मजुरी, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी पट्टीचे, म्हणजे दलालाकडच्या विक्रीच्या हिशेबाचे, पैसे आले की पहिला भरणा सोसायटीचा, मुदतीच्या आत. मुदतीची तारीख सचिवांकडून लिहून घे.

कोणी सांगेल, थांब, कर्जमाफी येईल. २०१७ ला आली, २०१९ ला आली, हे खरं आहे. पण तिच्या आशेनं थकलेली खाती मी पाहिली आहेत. वाट बघता बघता त्यांचं मुद्दल राहिलं बाजूला आणि उचल दुप्पट झाली. उद्या माफी आलीच आणि तुझी हुकली तर मलाही वाईट वाटेल. तरीही मी तुला भरायलाच सांगेन, कारण तुला ऑगस्टमध्ये पैसे लागणार आहेत. एकरकमी तडजोडीत व्याज सुटत असेल तर मोह होईल, पण त्यानंतर लगेच नवीन कर्ज मिळेल का, हे आधी लेखी विचार.

३ लाख १० हजार आणायचे कुठून? आईच्या सोन्यातून. हे लिहिताना मला जड जातंय. पाच तोळे ठेवलेस तेव्हा तोळा पन्नास हजारांच्या आत-बाहेर होता. आज तो लाखाच्या वर आहे. दोन तोळे विकलेस तर २ लाखांहून जास्त येतील, उरलेले तीन तोळे आहे तेवढ्याच कर्जाला पुरून उरतील. थोडे दागिने सोडवून बाकीचे पुन्हा तारण ठेवायचं कसं, हे शाखेत जाऊन विचार. यात नवीन काही नाही, रोज होतं. वर लागणारे लाखभर पहिल्या पट्ट्यांतून घाल. तारण सोनं दरवर्षी नवं-जुनं करून व्याज भरत राहायचं आणि दागिना कधीच घरी यायचा नाही, त्यापेक्षा दोन तोळे जाऊन तीन परत आलेले मला केव्हाही बरे वाटतात.

आता सावकार. इथे घाई करू नकोस, पण घाबरूही नकोस. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमन कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून वर्षाला तारणी कर्जावर ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुझ्याकडून वर्षाला ३६ टक्के जातात. चार वर्षांत तू व्याजापोटी २ लाख ८८ हजार दिलेस. १२ टक्क्यांनी चार वर्षांचे ९६ हजार होतात. म्हणजे १ लाख ९२ हजार जास्त गेले आणि मुद्दल होतं २ लाख! कायद्याच्या दरानं मोजलं तर तुझ्याकडे जवळजवळ काहीच निघत नाही. ९ टक्क्यांनी मोजलं तर उलट तुलाच येणं लागतं.

हा हिशेब एका कागदावर मांड. कधी किती दिले, रोख की खात्यावरून, कुणासमोर, जेवढं आठवेल तेवढं तारखांसह लिही. दोन्ही माणसं मानतील असा वाडीतला कोणी जाणता सोबत घे आणि त्यांच्या घरी जाऊन शांतपणे बोल. गावात राहायचं आहे, रात्रीअपरात्री कदाचित त्यांचीच गाडी मागावी लागते, हे मला कळतं. साठेखत आणि चेक परत द्या, व्यवहार संपला, एवढंच म्हण. ऐकलं नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्याच्या कार्यालयात, लेखी अर्ज दे आणि पोच घे. परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं हा गुन्हा आहे. सावकारीतून बळकावलेली जमीन चौकशी करून परत देववायचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना या कायद्यानं दिलेला आहे. एक काळजी घे. त्यांनी चेक वटवायला टाकला आणि तुला नोटीस आली, तर ती कपाटात ठेवू नकोस. १५ दिवसांची मुदत असते. त्याच आठवड्यात वकील गाठ. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्न कमी असलेल्यांना वकील मोफत मिळतो.

दलालाशी भांडण नको. अडचणीच्या वर्षी त्यानंही तुला सांभाळलं आहे. पण त्याची उचल बिनव्याजी आहे, असंही समजू नकोस. सगळी पेटी त्यालाच, तो लावेल तो दर, ही तिची किंमत. गेल्या हंगामाच्या पट्ट्या काढ आणि काय काय कापलंय ते वाच. २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, तरी पट्टीवर वेगवेगळ्या नावांनी कपात होते. त्याच्याशी पेटीमागे ठरावीक कपात ठरव, लिहून घे आणि निम्मा माल तुझा तू विकायची मोकळीक माग. पुण्या-मुंबईतल्या दोन-तीन रहिवासी सोसायट्या, बहिणीच्या सासरची माणसं, तू वायरिंग केलेली घरं इथून सुरुवात कर. पहिल्या वर्षी पन्नास पेट्या थेट गेल्या तरी खूप झालं. आणि नवीन उचल घेऊ नकोस. सोसायटी सुरळीत झाली की ती लागणार नाही.

पतपेढीचा हप्ता महिन्याचा असेल तर तो तुझ्या मिळकतीला कधीच जुळणार नाही. मे अखेर मोठा हप्ता आणि पावसाळ्यात वायरिंगच्या पैशांतून फक्त व्याज, असा बदल करून मिळावा म्हणून संचालक मंडळाला अर्ज दे. काकांना बरोबर ने. जामीनदाराला नोटीस गेली की पैशांइतकीच नात्याची वसुली होते, ते होऊ देऊ नकोस.

बाग विकू नकोस, निदान आत्ता नको. अडलेल्याला पडेल भाव मिळतो. शिवाय सातबाऱ्यावर आईचं आणि बहिणीचं नाव असेल, काकांचंही असू शकेल, म्हणजे सगळ्यांच्या सह्यांशिवाय व्यवहार व्हायचा नाही. लागोपाठ दोन हंगाम गेले तर ती साठ कलमं दोन-तीन वर्षांच्या करारानं दे. कलमं आपलीच राहतात. मुंबईबद्दल म्हणशील तर तुझ्या हातात वायरमनचं काम आहे, ते जून ते सप्टेंबर जोमानं कर, लागलं तर रत्नागिरीत खोली घेऊन. ऑक्टोबर ते मे बागेत मालक नसेल तर १८० कलमांचं काय होतं, ते तू शेजारच्या बंद घरांच्या बागांत पाहतोसच.

फळपीक विमा विसरू नकोस. सोसायटी थकल्यावर तुझा विमाही सुटला असेल. पुढच्या हंगामाला आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्यातल्या मोहराच्या पिकासाठी, स्वतः अर्ज भर. अवकाळी पाऊस, थंडी, उष्णता तुझ्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर नोंदली जाते आणि त्यावर भरपाई ठरते, म्हणून अर्जात मंडळाचं नाव नीट तपास.

हे सगळं जमलं तर सावकाराचं आणि सोसायटीचं व्याज थांबेल. राहतील ६२ हजार. मुद्दलाला ८६ हजारांऐवजी १ लाख ८९ हजार मिळतील, ते व्याज घटत जाईल तसे वाढत जातील. यंदाचे बरेचसे सोसायटीत जातील. त्यानंतर दलाल, पतपेढी आणि सोनं मिळून ८ लाख ३० हजार फिटायला पाच हंगाम लागतील, मध्ये एखादा वाईट गेला तर सहा. तेव्हा तू ३३ वर्षांचा असशील. लग्नाचं तू काही लिहिलं नाहीस, पण त्यासाठी तेवढं थांबायची गरज नाही. स्थळ बघायला आलेल्यांना हाच कागद दाखव.

राहिली आई. सोनं तिचं आहे, म्हणून तिला न सांगता यातलं काहीच होणार नाही. मोहराच्या फवारण्यांची धावपळ संपायची वाट बघू नकोस, याच आठवड्यात सांग. सावकाराचे दोन लाख बाबांनी घेतले होते, हे तिला आधी कळू दे, दागिन्यांचा विषय त्यानंतर काढ. बाबांनी ते कशासाठी घेतले, हे कदाचित तिलाच माहीत असेल, आणि ती माहिती तुला निबंधकांकडच्या अर्जातही लागेल.