डिस्क नसलेला कन्सोल, बारा हप्ते आणि बदलापूर लोकल

बदलापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे. वय ३३, ऑफिस दादरला, हातात येणारा पगार ४२,००० रुपये. पत्नी शाळेत अर्धवेळ शिकवतात, त्यांचे १६,०००. घर वडिलांचं, कर्ज नाही. आई-वडील आणि तीन वर्षांची मुलगी धरून घरखर्च महिन्याला ४६,०००. अडीअडचणीसाठी ठेवलेले ६०,०००, एक २,०००ची एसआयपी, आणि क्रेडिट कार्डावर ३८,००० थकलेले. त्यापोटी महिन्याला ३,००० भरतात. एप्रिलमध्ये ७०,००० बोनस मिळणार आहे. नेमक्या तेवढ्याच किमतीचा एक नवा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा, गेम कन्सोल त्यांच्या मनात भरला आहे. त्यात डिस्क किंवा कार्ट्रिज (गेमचं छोटं कार्ड) घालायला जागाच नाही, प्रत्येक गेम डाउनलोड करूनच घ्यायचा. दुकानदार बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय देतो आहे. पत्नी म्हणतात, एवढ्यात सोनं येईल. बोनस तसाच ठेवून कन्सोल हप्त्यावर घेऊ का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो. एप्रिलमध्ये घेऊ नका, आणि हप्त्यावर तर नकोच. दिवाळीच्या सुमारास रोख घ्या. कसं जमवायचं ते पुढे सांगतो.

पहिली गोष्ट, ही इच्छा मी चैन म्हणून बाजूला सारणार नाही. तुम्ही लिहिलं आहे की घरी एकच टीव्ही आहे, संध्याकाळी तो आई-वडिलांचा असतो, आणि जुना कन्सोल टीव्हीला जोडावा लागतो म्हणून महिनोन्‌महिने बंद पडून आहे. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे स्वतःचा असा एक तास मिळणं किती अवघड आहे हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. रोज तीन तास लोकलमध्ये काढणाऱ्या माणसाने रात्री मुलगी झोपल्यावर तासभर खेळावं, त्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत, हे माझ्या हिशेबात रास्त आहे. सोन्याशी तुलना करू नका. सोनं बचतीच्या खात्यातून येतं, कन्सोल खर्चाच्या खात्यातून. पत्नीचं म्हणणं एका बाबतीत मात्र शंभर टक्के बरोबर आहे. या वस्तूत घातलेला पैसा परत येत नाही, आणि डिस्क नसलेल्या कन्सोलमध्ये तर तो आणखी कमी परत येतो.

तुमच्या जुन्या कन्सोलच्या वीसेक डिस्क आहेत आणि कल्याणच्या मावसभावाबरोबर तुम्ही त्या अदलाबदल करत आलात. या सवयीची किंमत तुमच्या हिशेबात आलेली नाही. समजा नवा गेम ४,०००ला घेतला, दोन महिन्यांत संपवला आणि मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात २,५००ला दिला, तर तो गेम तुम्हाला १,५००ला पडला. मावसभावाकडून आणलेला तर फुकट. डाउनलोड केलेल्या गेमला हा दुसरा बाजारच नाही. ४,००० दिले की ४,००० गेले. गेम आवडला नाही तरी गेले, संपला तरी गेले. शिवाय त्या वीस डिस्क नव्या यंत्रात चालणार नाहीत, म्हणजे तुमची लायब्ररी पुन्हा शून्यापासून सुरू होणार. जुना कन्सोल विकून थोडी भर घालायचा विचार आहे असं लिहिलं आहेत. तो सध्या विकू नका, त्याचं काम पुढे आहे.

हा प्रयोग नवा नाही. सोनीने २००९च्या ऑक्टोबरमध्ये पीएसपी गो हा हँडहेल्ड बाजारात आणला तेव्हा त्यातून यूएमडी या छोट्या डिस्कचा खण काढून टाकला आणि आत १६ जीबी मेमरी दिली. किंमत अमेरिकेत २५० डॉलर. त्याच वेळी डिस्क चालणारा पीएसपी १७० डॉलरला मिळत होता. ज्यांच्याकडे आधीच्या डिस्क होत्या त्यांना त्या नव्या यंत्रात नेण्याची सोय नव्हती. २०११मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. २०२१च्या जुलैमध्ये पीएसपीवरून खरेदी करायची उरलीसुरली सोयही बंद झाली. निन्टेंडोने आपल्या ३डीएस या हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला खरेदीसाठी बंद केलं. दोन्ही ठिकाणी आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घ्यायची सोय ठेवली गेली, पण ती किती वर्षं राहील हे कंपनीच्या मर्जीवर. डिस्क असली म्हणजे आपण सुरक्षित, असंही धरू नका. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा सर्व्हरवर चालणारा गेम डिस्कवरही विकला गेला होता; ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही खेळ थांबला.

गेम 'विकत' घेतला असं आपण म्हणतो, पण पैसे जातात ते वापरायच्या परवान्याचे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदाच लागू झाला की दुकानांनी ग्राहकाला हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, आणि स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. मी रोज लोकांच्या एफडीला, डीमॅटला, विम्याला नॉमिनी आहे का ते तपासतो. या लायब्ररीला नॉमिनी लावता येत नाही. स्टीमच्या अटींनुसार खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दहा वर्षांत तुम्ही लाखभर रुपयांचे गेम घेतलेत तरी ती तुमची मालमत्ता म्हणून मी कुठल्याही कागदावर मांडू शकत नाही. म्हणून हा पैसा खर्च झालेला आहे असं धरूनच निर्णय घ्यायचा.

डाउनलोडवर चालणारी सगळी यंत्रं मात्र सारखी नाहीत, आणि तुमच्या निर्णयात मला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. एक प्रकार असा की गेम एकाच कंपनीच्या दुकानातून घ्यायचे आणि त्याच कंपनीच्या यंत्रावर खेळायचे. पुढे यंत्र मागे पडलं की लायब्ररीही मागे पडते. दुसरा प्रकार विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डचा. असुसचा आरओजी अ‍ॅलाय जुलै २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला तो या जातीचा. तो म्हणजे हातात धरायचा संगणकच. त्यावर स्टीममधून घेतलेला गेम उद्या लॅपटॉपवर चालतो, परवा दुसऱ्या कंपनीच्या हँडहेल्डवर चालतो. यंत्र बदललं तरी खरेदी वाया जात नाही. ७०,०००च खर्च करायचे असतील तर या दुसऱ्या प्रकारावर करा. स्टीमवर रुपयांत किमती आहेत, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ही शेवटची सोय लक्षात ठेवा. नवा गेम आणला की पहिला दीड तास तपासणीचा.

मावसभावाच्या बाबतीतही थोडा दिलासा आहे. सप्टेंबर २०२४पासून स्टीमवर सहा जणांचं कुटुंब करता येतं आणि एकमेकांचे गेम खेळता येतात. एकच प्रत एका वेळी दोघांना चालत नाही इतकंच. पण ही सोय एका घरातल्या लोकांसाठी आहे, म्हणून कल्याणच्या भावाच्या भरवशावर हिशेब मांडू नका. पत्नीला खेळायचं असेल तर मात्र उपयोगी.

मुंबईच्या हीरा पन्ना बाजारातला किंवा लॅमिंग्टन रोडचा बाहेरून आलेला निन्टेंडो स्विच २ हा दुसरा पर्याय तुम्ही लिहिला आहे. कार्ट्रिज चालते, पुढे विकता येते, हे खरं. पण जून २०२५मध्ये आलेल्या या यंत्राच्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, फक्त चावी असते. गेम डाउनलोडच करावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे वॉरंटी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. गेम परदेशी ऑनलाइन दुकानातून घेतले तर बँक परकीय चलनाचं शुल्क वेगळं लावते. ७०,०००च्या वस्तूसाठी मला जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल हवं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तेच बिल कामाला येतं.

आता हप्त्याकडे येऊ. बिनव्याजी दिसणाऱ्या ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज ७०,००० दिसते. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला तर बारा महिन्यांत व्याज सुमारे ५,७०० होतं आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजारेक रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी निराळी. यापेक्षा दुकानदाराला सरळ विचारा: रोख घेतो, ती सूट मला मिळेल का? बऱ्याचदा मिळते.

खरं संकट तुमच्या कार्डावरची ३८,०००ची बाकी आहे. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज १,३३०, त्यावर जीएसटी २४०. तुम्ही भरता त्या ३,०००मधले निम्म्याहून जास्त व्याज आणि जीएसटीतच जातात, मुद्दल जेमतेम १,४३० ने कमी होतं. बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही, दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. बोनस हातात असताना ही बाकी तशीच ठेवून कन्सोलचा हप्ता सुरू करणं म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून महाग पैशाने गेम खेळणं. हे मला तुमच्यासाठी अजिबात पटत नाही.

म्हणून बोनसचे पहिले ३८,००० कार्डावर भरा, त्याच दिवशी. ‘मिनिमम ड्यू’ नव्हे, पूर्ण बाकी. आणि पुढच्या बिलात मागे राहिलेलं थोडं व्याज येईल तेही भरून टाका. २२,००० अडीअडचणीच्या पैशात टाका. ते ८२,००० होतील, म्हणजे जवळपास दोन महिन्यांचा घरखर्च. मला तीन महिन्यांचे हवे आहेत, पण दोघं कमावता, घर वडिलांचं आहे, म्हणून दोनवर मी तात्पुरता थांबायला तयार आहे. उरलेले १०,००० कन्सोलच्या नावाने वेगळे. मग ज्या ५,८००चा हप्ता भरायची तुमची तयारी होती ते, आणि कार्डाचे सुटलेले ३,०००, असे ८,८०० दर महिन्याला रिकरिंग डिपॉझिटमध्ये. सात महिन्यांत ६१,६००. आधीचे दहा धरून ७१,६००, व्याज वर. एप्रिलच्या शेवटी सुरू केलंत तर दिवाळीच्या सुमारास पैसे हातात असतील आणि दुकानांत सवलतीही असतील. मध्ये पत्नीची नोकरी गेली किंवा घरात कुणाचं आजारपण निघालं, तर ही रक्कम तिकडे वळवा आणि कन्सोल पुढे ढकला. हप्ता चालू असता तर असं ढकलता आलं नसतं.

कन्सोलची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. मोठे गेम १०० ते १५० जीबीचे असतात. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर १०० जीबी उतरवायला पन्नास दिवस लागतील. घरी ब्रॉडबँड नसेल तर तो महिन्याचा खर्च मांडा. मेमरी कार्ड, कव्हर हेही आलं. गेमसाठी वर्षाला १०,००० अशी मर्यादा ठरवा, म्हणजे महिन्याला आठशे-साडेआठशे. तीन वर्षं वापरलात, गेमचे ३०,००० धरले आणि शेवटी यंत्राचे १५,००० आले असं मानलं, तर निव्वळ खर्च ८५,०००. आठवड्याला पाच तास खेळलात तर तासाला सुमारे ११० रुपये पडतात. मल्टिप्लेक्सच्या तिकिटापेक्षा हे महाग नाही. पण आठवड्याला एकच तास झाला तर साडेपाचशे होतात, आणि तेव्हा मी नको म्हणेन.

तुम्ही लोकलचे तीन तास धरून हिशेब केलात, तो मला मान्य नाही. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळाली तर ठीक. अंबरनाथ-उल्हासनगरनंतर समोर माणसं उभी असताना सहाशे ग्रॅमचं यंत्र दोन्ही हातांनी धरून कोपर पसरता येणार आहे का? संध्याकाळी दादरला उभ्याने चढल्यावर तर प्रश्नच मिटला. मोठा गेम चालवला की या यंत्रांची बॅटरी दीड-दोन तासांत संपते. प्रवासाचे तास शून्य धरा आणि फक्त रात्रीचे मोजा.

त्यासाठीच जुना कन्सोल ठेवायला सांगितला. पुढचे दोन महिने आई-वडील झोपल्यावर, आवाज हेडफोनवर घेऊन, त्यावरच खेळा. रोज किती वेळ झाला ते कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला चार तासांच्या वर सहज जात असाल तर रिकरिंग चालू ठेवा. दोन तासही होत नसतील तर जमलेली रक्कम तीन महिन्यांच्या खर्चाची सोय पुरी करायला वापरा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. तोवर या यंत्राची किंमतही कदाचित उतरली असेल.

आणि घ्याल तेव्हा खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडू नका. नोकरी बदलली की ईमेल जातं आणि गेम परत मिळवताना नाकी नऊ येतात. स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल नंबर द्या. क्रेडिट कार्ड त्यात साठवून ठेवू नका, दर वेळी यूपीआयने भरा, म्हणजे वर्षाचे १०,००० कधी संपले ते कळेल. खातं परत मिळवायचे कोड कागदावर लिहून बिलाबरोबर विम्याच्या फाइलमध्ये ठेवा, आणि फाइल कुठे आहे ते पत्नीला सांगून ठेवा.