बुडालेल्याच्या पोटातलं पाणी आधी काढायचं की तोंडाने श्वास द्यायचा?

तोंडाने श्वास. पाणी काढायच्या भानगडीत पडूच नका.

आमच्या घरात यावरून चार वर्षं वाद चाललाय, म्हणून लिहितोय. मे महिना, गावची विहीर. आमरस चापून पोरं पोहायला गेली आणि चुलत भावाचा नऊ वर्षांचा मुलगा वर आलाच नाही. काढला तेव्हा ओठ जांभळे, श्वास बंद. मी चाकणला कारखान्यात. प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालेलं, तेही रबरी बाहुल्यावर. मी त्याला उताणा ठेवतोय तोवर थोरल्या चुलत्यांनी, अण्णांनी, पाय धरले. "उलटा धर, पाणी निघू दे!" कुणीतरी कुंभाराचं चाक आणायला धावलं, त्यावर पालथं घालून फिरवायला. डोकं माझ्या हातात, पाय अण्णांच्या, पोराची रस्सीखेच. शेवटी जन्मात पहिल्यांदा अण्णांवर ओरडलो, "व्हा बाजूला!"

पहिली फुंकर गालातूनच बाहेर आली. मान मागे कलवायची राहिली होती. हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं, पुन्हा फुंकलं, तेव्हा बरगड्या वर आल्या. चौथ्या श्वासाला खोकला, आणि सगळा आमरस माझ्या शर्टावर. लगेच कुशीवर वळवला.

अण्णांचं आजही एकच: "मी पाय ओढले म्हणून पाणी निघालं. याच्या उष्ट्या हवेने काय होणार?"

अण्णा, ताज्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, उष्ट्या हवेत 16-17 टक्के उरतो. तेवढा पुरतो. 1950च्या दशकात डॉक्टर पीटर साफर यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये स्वयंसेवकांना औषधाने निपचित करून, ट्रेनिंग नसलेल्या साध्या माणसांकडून त्यांना तोंडाने श्वास देववला होता, आणि त्यांच्या अंगातला ऑक्सिजन टिकून राहिला. आणि पाणी काढायचा हट्ट तुमचा एकट्याचा नाही, अमेरिकेतल्या हाइमलिक डॉक्टरांनीही बुडालेल्याचं पोट दाबून पाणी काढायचा हट्ट धरला होता. मान्य झाला नाही. पोट दाबलं की खाल्लेलं वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि वेळ जातो तो वेगळाच.

तर, श्वास नसेल तर आधी पाच श्वास, एकेक सेकंदाचा, छाती उचलेल इतकाच. तरी हालचाल नसेल तर छातीवर 30 दाब, मग 2 श्वास, असं 108ची गाडी येईपर्यंत. "नुसती छाती दाबा" म्हणतात ते अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी. बुडालेल्याला हवाच मिळालेली नसते.

हो, आणि कीटकनाशक प्यायलेल्याच्या तोंडाला तोंड लावू नका, तुम्हालाच विषबाधा व्हायची. पोहता येत नसेल तर उडी मारू नका, दोर टाका. आणि पोर उठून बसलं तरी दवाखान्यात न्याच. त्रास नंतरही होऊ शकतो. आमच्याला रात्रभर ठेवून घेतलं होतं.

आता तेरा वर्षांचा आहे. विचारलं तर सांगतो, मला आजोबांनी वाचवलं.