विमानाच्या पंखावरचा बर्फ : वितळवायचा की सोडवायचा?

प्रश्न : बर्फ पुरेसा जाड झाल्याशिवाय रबरी बूट (पंखाच्या पुढच्या कडेवरचं, हवेने फुगणाऱ्या नळ्यांचं आवरण) फुगवू नयेत, नाहीतर बर्फाचं पोकळ कवच तयार होतं आणि बूट आतल्या आत फुगत राहतो, असं ऐकलं. खरं का?

ही भीती मोठ्या नळ्यांच्या, सावकाश फुगणाऱ्या जुन्या बुटांच्या काळातली आहे. सलग बर्फ दाबाखाली ५ ते २५ मेगापास्कल सोसतो, पण ताणाखाली १ ते ३ मध्येच तडकतो. मात्र फुगणाऱ्या बुटाचा हा ताण झटक्यात बसायला हवा; भार हळूहळू चढला तर बर्फ न तुटता वाकत जातो. आजचे बूट वेगाने फुगतात, त्यामुळे विमानाच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर बर्फ दिसताच ते चालू करावेत. पहिल्या फेरीत पातळ तुकडे चिकटून राहतातच, कारण त्यांना उपटायला वाऱ्याला पुरेशी पकड मिळत नाही. पुढच्या काही फेऱ्यांत ते निघतात. बुटाला पडलेली बारीक भोकं मात्र वेळीच बुजवा. त्यांतून शिरलेलं पाणी नळ्यांत गोठलं, की ऐन गरजेला बूट फुगत नाही.

प्रश्न : बुटांऐवजी पंखावर बसवलेल्या, विजेवर तापणाऱ्या पट्ट्यांना फार वीज लागत असेल ना?

सगळा बर्फ वितळवायचा म्हटलं तर लागेल. उणे १० अंशांवरचा ५ मिमी जाडीचा थर घ्या. एका चौरस मीटरवर साधारण ४.६ किलो बर्फ असतो आणि तो वितळवायला सुमारे १,६०० किलोज्यूल लागतात. पण पृष्ठभागालगतचा ०.१ मिमीचा पापुद्रा सुटला तरी वरचा थर वाऱ्याने उडतो, आणि त्या पापुद्र्याला ३३ किलोज्यूल पुरतात (पत्रा तापवण्याचा खर्च वेगळा). म्हणून पट्ट्यांना आळीपाळीने जोरदार पण थोडा वेळ वीज द्यावी. मंद आच दिली तर उष्णता वर झिरपते, पाणी जास्त सुटतं आणि मागे वाहत जाऊन पुन्हा गोठतं. पंखाच्या अगदी पुढच्या रेषेवर एक अरुंद पट्टी कायम गरम ठेवतात. तिच्यामुळे बर्फाची टोपी दुभंगते. नाहीतर समोरचा वाराच तिला दाबून धरतो.

प्रश्न : यंत्रणा चालू असूनही विमानं का पडतात?

बूट किंवा तापणाऱ्या पट्ट्या जेवढा भाग झाकतात, त्याच्या मागे बर्फ साचतो म्हणून. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-७२ हे प्रवासी विमान कोसळलं आणि ६८ जण गेले. अतिशीत (शून्याखालीही द्रव राहिलेले) मोठे थेंब बुटांच्या मागे गोठले, तिथे बर्फाचा कडा उभा राहिला आणि एलरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखामागची झडप) आपोआप वळला. विमानांना उड्डाणयोग्य ठरवणारे तेव्हाचे प्रमाणन निकष ५० मायक्रॉनपर्यंतच्या मध्यम व्यासाचेच थेंब धरत होते. पुढे या विमानांचे बूट रुंद केले गेले. मोठ्या थेंबांसाठीचे अमेरिकी निकष २०१४ मध्ये आले. वैमानिकाच्या बाजूच्या काचेवर बर्फ चढू लागला, तर ऑटोपायलट सोडून त्या ढगातून बाहेर पडावं.