मॅकवर जुने विंडोज गेम : सुरुवात कुठून करावी

तुमचा मॅक एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचा असेल, तर बूट कॅम्पचा, म्हणजे मॅकवर थेट विंडोज बसवण्याच्या सोयीचा, विचार सोडून द्या. ती सोय फक्त इंटेल मॅकवर आहे. हवा असलेला गेम डॉसचा (विंडोजपूर्वीच्या जुन्या प्रणालीचा) आहे की विंडोजचा, हे प्रथम पाहा. डॉसचा असल्यास असे गेम चालवणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम पुरेसा आहे, आणि ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’ हवा असेल तर ओपनटीटीडी हा त्याचा नव्याने लिहिलेला अवतार थेट मॅकवरच चालतो.

विंडोजच्या गेमसाठी मी नि:संकोच क्रॉसओव्हर हे सॉफ्टवेअर सुचवेन. ते वाइनवर (विंडोज न बसवता विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आधारलेले असून, पैसे भरण्यापूर्वी चाचणी आवृत्तीत तुमचा गेम चालवून पाहता येतो. नवीन मंडळी बहुधा इथे अडतात :

- सगळे गेम एकाच ‘बॉटल’मध्ये, म्हणजे क्रॉसओव्हरमधील विंडोजसारख्या एकाच कप्प्यात, भरतात. प्रत्येकाला स्वतंत्र बॉटल द्या, म्हणजे एका गेमसाठी बदललेली सेटिंग दुसऱ्याला बाधत नाही.
- जुन्या सीडीचाच हट्ट धरतात. त्यांवरील सेफडिस्कसारखे कॉपी-संरक्षण वाइनमध्ये अनेकदा अडते, आणि विंडोज १० मध्येही ते चालत नाही. म्हणून गॉग (GOG) या ऑनलाइन गेम-दुकानातील संरक्षणमुक्त प्रत घेणे श्रेयस्कर.

गेम उघडला नाही तर धीर सोडू नका. मात्र एका वेळी एकच सेटिंग बदला, अन्यथा नेमके कशामुळे जमले ते कळणार नाही. ग्राफिक्सचे बारकावे पहिला गेम सुरळीत चालल्यावर पाहू.