सी लायब्ररी दुसऱ्या भाषेतून वापरायची असेल तर वेळेसाठी ३२ बिट घ्यावे की ६४?

तुम्ही विचारलंय की लायब्ररी सी मध्ये आहे, ती पायथन आणि जावास्क्रिप्टमधून वापरायची आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर, तर वेळेसाठी इंट, लाँग की इंट६४? इंट६४, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, चिन्हासह (उणे आकडेही धरणारा). यात विचार करण्यासारखं काही नाही. पण माझ्याकडे इंट६४ होतं आणि तरी घोळ झाला, म्हणून लिहायला बसलो.

तासगावकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या खोल्यांचं तापमान नोंदवणारी यंत्रणा आम्ही बसवली होती. सी चा भाग माझा. लॉगर सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते माझं फंक्शन परत द्यायचं, इंट६४ मध्ये. वरचा पायथनचा भाग दुसऱ्याचा. तापमान वाढलं की मेसेज जायचा, आणि एकदा गेला की अर्धा तास पुन्हा पाठवायचा नाही, असा नियम. आठवडाभर चाचणी घेतली, सगळं व्यवस्थित.

पंचविसाव्या दिवशी पहाटे कॉम्प्रेसर ट्रिप झाला. मेसेज कुणालाच नाही. तिथले रात्रपाळीचे मामा दर दोन तासांनी थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचे, म्हणून कळलं. पाचवर असायचं ते अकरावर गेलं होतं. स्क्रीनवर मात्र ‘मागील मेसेज: -४९ दिवसांपूर्वी’. माल वाचला, तो मामांच्या वहीमुळे.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "पायथनमध्ये इंटिजरला मर्यादाच नसते, म्हणजे ओव्हरफ्लो सी मध्येच झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. (ओव्हरफ्लो म्हणजे आकडा ठरलेल्या बिटांत न मावणं.) अर्धं वाक्य खरं आहे. पायथनच्या आत मर्यादा नसतेच. पण पायथनमध्ये शिरायच्या दारावर असते. सीटाइप्सला, म्हणजे पायथनमधून सी ची फंक्शनं बोलावणाऱ्या मॉड्यूलला, तुम्ही रेसटाइप (उत्तराचा प्रकार) सांगितला नाही, तर ते फंक्शनचं उत्तर साधा इंट समजून घेतं, म्हणजे ३२ बिट. वरचे ३२ बिट तिथेच गळतात. चिन्हासहित ३२ बिटांत मिलिसेकंद २४ दिवस, २० तास, ३१ मिनिटं, २३ सेकंद पुरतात, त्यानंतर आकडा उणे होतो. आदल्या मेसेजची वेळ अधिक दोनशे कोटींच्या घरात, आत्ताची वेळ उणे दोनशे कोटींच्या. फरक अर्ध्या तासापेक्षा मोठा होणार कसा? एक ओळ लिहायची राहिली होती आणि दोष माझ्या माथी. ती ओळ घातल्यावर त्याच डीएलएलवर (माझ्या सी लायब्ररीच्या तयार फाइलवर) यंत्रणा पुढचा सगळा हंगाम चालली. माझ्या बाजूचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत: आकार एका बाजूला ठरवून भागत नाही, तो दोन्हीकडे लिहावा लागतो. आर्गटाइप्सचंही (फंक्शनला दिलेल्या आकड्यांचे प्रकार) तेच, पायथनचा आकडा सांगितल्याशिवाय इंट म्हणूनच पलीकडे जातो. लाँगला तर सीमेवर थाराच देऊ नका, ६४ बिट लिनक्सवर तो ६४ आणि ६४ बिट विंडोजवर ३२. टाइम_टी, म्हणजे सी मधला वेळेसाठीचा प्रकार, तो पण नको. ३२ बिट लिनक्सवर त्याचा आकार कंपाइल करतानाच्या फ्लॅगवर ठरू शकतो, जीलिबसी (लिनक्सवरची सी ची मूळ लायब्ररी) २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून. ३२ बिटवाल्यांचे १९७० पासून मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

जावास्क्रिप्टचा नंबर २ चा ५३ वा घात, म्हणजे साधारण ९ च्या पुढे १५ शून्यं, एवढ्यापर्यंतच पूर्णांक नेमका धरतो. १९७० पासूनचे नॅनोसेकंद त्यात बसत नाहीत. मिलिसेकंद द्या, नाहीतर बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक धरणारा प्रकार) वापरा.

आठवडाभराची चाचणी काही सिद्ध करत नाही. लायब्ररीत एक फंक्शन ठेवा, ते फक्त ५०० कोटी परत देईल. पलीकडे ७०,५०,३२,७०४ दिसलं तर ३२ बिटांत कापलं गेलंय, तिथेच पकडा. साहेबांना मी हेच करून दाखवलं, त्यांच्याच लॅपटॉपवर.

हां, छोट्या मायक्रोकंट्रोलरवर बिनचिन्हाचे ३२ बिट चालतात, अंतर ४९ दिवसांच्या आतलं असेल आणि वजाबाकी त्याच ३२ बिटांत केली तर. पण तो आकडा भाषेच्या सीमेपलीकडे पाठवायचा असेल तर आधी ६४ करून घ्या.