जाताना 'येतो' म्हण

बाळा,

तुझा मेसेज परवा रात्री दीडला आला, मी सकाळी वाचला. "काका, परत आलो ही चूक झाली का, बाबा रोज रात्री माझ्या चपला आत नेऊन ठेवतात." एवढंच. घरून पळालेल्या तुला कल्याणहून परत पाठवण्यात मीच होतो, त्यामुळे दिवसभर डोक्यातून जाईना. फोन केला असता तर कदाचित ओरडलोच असतो, म्हणून लिहितोय.

आधी चपलांचं. माझ्या आईने माझ्या चपला वर्षभर पिठाच्या डब्यामागे ठेवल्या होत्या. १९८८ साली मी चाळीसगावहून पळालो, पंधरा वर्षांचा होतो, दादरला एका कँटीनमध्ये कपबशा विसळल्या आणि एकोणिसाव्या दिवशी आपला आपणच घरी आलो. तेव्हा १०९८ ही मुलांची हेल्पलाइन वगैरे नव्हती, ती मुंबईत १९९६ ला सुरू झाली. घरी आलो तर आईने ताट वाढलं, वडील म्हणाले "जेव", विषय संपला. कुठे होतास हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही, मला वाटायचं विचारतील तेव्हा सांगू. २००९ ला ते गेले. त्यानंतर आई बोलली की तुझे वडील रोज स्टेशनवर जाऊन बसायचे, मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी बघायचे, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. हे मला ते गेल्यावर कळलं रे. एकवीस वर्षं एका घरात राहून.

म्हणून तुला कल्याणला जे सांगितलं तेच परत सांगतो, कंटाळा आला तरी ऐक. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. तू देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून पहाटे उतरलेला, तुला विचारलं होतं की निघताना घरी काय म्हणालास, तर तू बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाच्या घड्या घालत बसलास, तो नखाएवढा झाला तेव्हा म्हणालास "काहीच नाही." तुझे बाबा त्या न बोललेल्या शब्दापाशी अडकलेत. चपला आत नेणं हा तुझा अपमान नाहीये, त्यांना झोप लागावी म्हणून ते तसं करतात. तू रोज 'येतो' म्हणून बाहेर पड आणि सांगितलेल्या वेळेला घरी ये. टपरीवर जा, शेतात जा, चिडून नुसतं अंगणात जाऊन बसायचं असलं तरी म्हण, "डोकं फिरलंय, बाहेर बसतो, येतो." महिनाभर कर. मग चपला कुठे असतात ते मला सांग.

आणि हे फक्त तुझ्यावर नाही, बाबांवरही आहे. दहावीला दोन विषय राहिले म्हणून शेजाऱ्यांसमोर पट्ट्याने मारलं ते चूकच होतं, मी ते त्यांच्या तोंडावर बोललोय. परत हात उचलला तर १०९८ लावायचा, त्यात बापाची बदनामी वगैरे काही नाही. त्यांनाही हेच सांगितलंय की राग आला तर दार आपटून निघून जायचं नाही, 'येतो' म्हणून जायचं आणि रात्री पोराशी बोलायचं.

तुझ्या आईच्या मनात अजून माझ्याबद्दल राग आहे, मला माहितीये. ती कल्याणला तुला न्यायला आली आणि बालकल्याण समितीपुढे मीच म्हणालो की आधी घर बघू, गृहभेट होऊ दे. तू बालगृहात बारा दिवस राहिलास, ती बाहेर बाकावर बसून रडली. मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. पण ऐक, खूप वर्षांपूर्वी एका पोराचे वडील असेच रडले आणि घर न बघता त्याला लगेच पाठवा म्हणून मीच जोर लावला. सोळाव्या दिवशी तो परत पळाला. तो अजून सापडलेला नाही. कल्याणला गाडी लागली की माझी नजर आजही आधी त्याच्या उंचीच्या पोरांवर जाते, खरं तर आता तो तिशीचा असेल. त्यामुळे लोक मला हट्टी म्हणोत, आईने शिव्या घालोत, ते बारा दिवस मी परत मागेन.

आता समुपदेशनाचं. दोनदा गेलास, तिसऱ्यांदा दांडी मारलीस, का तर मॅडम तेच तेच विचारतात. अरे मग विचारणारच ना! त्या पोलीस नाहीत, मास्तर नाहीत, आणि बंद असलेला माणूस दोन बैठकांत उघडत नाही. गप्प बसायचं तर गप्प बस, पण तिथे जाऊन बस. पुढच्या वेळी बाबांना सोबत घेऊन जा. ते म्हणणार "माझा पोरगा काय वेडा आहे का", त्यांना सांग की काका म्हणाले हे तुमच्यासाठीसुद्धा आहे. रात्री दीडला परत असं काही डोक्यात आलं तर माझी वाट बघू नकोस, मी झोपलेला असतो, १४४१६ ला फोन कर, मन अस्वस्थ असलेल्यांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

फेब्रुवारीच्या परीक्षेचा फॉर्म शाळेत जाऊन भर, सरांसमोर जायची लाज वाटत असेल तर आईला ने. गणिताचं आपण बघू.

तू विचारलंस परत आलो ही चूक झाली का. नाही झाली. पण तू अजून अर्धाच आलायस, तसा मी एकवीस वर्षं अर्धाच आलेला होतो. तुझे बाबा आहेत अजून. सोयाबीनची काढणी चालू असेल, त्यांच्यासोबत बांधावर भाकरी खायला बसशील तेव्हा ते विचारायची वाट न बघता आपणहून सांग, पहिल्या रात्री कुठे झोपलास, भूक लागली तेव्हा काय केलंस, त्या माणसाने पाणी दिलं ते. एवढं एकच सांगितलंस तरी चालेल. ते काही बोलणार नाहीत. पाणी पितील, उठून बैलाकडे जातील. तरी सांग.

मंगळवारी समुपदेशनाला परभणीला जायला किती वाजताची एसटी आहे ते कळव, मी बाबांना आदल्या दिवशी फोन करतो.

काका